घरच्या कॉम्प्युटरवरचा खोटा अँटीव्हायरस: ओळखायचा कसा, काढायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील चिपळूणला एकटे राहतात. त्यांच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर काही आठवड्यांपासून उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, अँटीव्हायरस आजच रिन्यू करा’ असे चौकोन येतात. मध्येच एक क्लीनर (मशीन साफ करून देतो म्हणणारा प्रोग्राम) आपोआप उघडतो, हिरवी पट्टी भरत जाते, शेकडो ‘धोके’ दाखवतो आणि ते काढायला कार्डाने पैसे भरा म्हणतो. एकदा तर अख्खा स्क्रीन निळा झाला, इंग्रजीत बाईचा आवाज सुरू झाला आणि एक फोन नंबर आला. वडील घाबरले आणि त्यांनी बटण दाबून लॅपटॉप बंद केला. जवळच्या दुकानदाराने ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं सांगितलंय. पैसे अजून कोणालाच दिलेले नाहीत.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. पैसे दिले नाहीत, नंबरावर फोन केला नाही, म्हणजे तुमच्या वडिलांनी जे करायला हवं होतं तेच केलं. त्यांना तसं आधी स्पष्ट सांगा. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करताना मी एक गोष्ट सतत बघतो: ज्येष्ठ माणूस मुलांच्या बोलण्याला घाबरतो आणि म्हणून गोष्टी लपवतो. मग महिनाभर तो प्रकार चालू राहतो आणि नुकसान वाढतं. ‘कुठे क्लिक केलंत?’ हा प्रश्न पहिला विचारू नका.

दुसरं, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं, एवढ्यात नको. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच व्हायरसची तीन रूपं नाहीत. त्या बहुधा तीन वेगळ्या ठिकाणांहून येत आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. कोपऱ्यातले चौकोन ब्राउझरच्या नोटिफिकेशनचे आहेत. निळा स्क्रीन हे एक वेबपान आहे. क्लीनर मात्र खरोखर लॅपटॉपवर बसलेला प्रोग्राम आहे. समोर आलेली खिडकी नेमकी कोणाची, हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. माझ्या मते या कामातलं अर्धं कौशल्य एवढंच आहे.

ते ठरवायचं असं. वाय-फाय बंद करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोम, एज, फायरफॉक्स जे काही चालू असेल ते निवडून ‘एंड टास्क’ करा. आता काही वेळ लॅपटॉप तसाच चालू ठेवा. चौकोन आणि भीतीदायक पानं आली नाहीत, तर ती ब्राउझरमधून येत होती. इंटरनेट नाही, ब्राउझरही बंद आहे, तरी एखादी खिडकी उघडून ‘स्कॅन’ करायला लागली, तर ती मशीनवरच्या प्रोग्रामची आहे. यात एक अडचण आहे. क्रोमची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी तो पाठीमागे चालू राहू शकतो आणि नोटिफिकेशन पाठवत राहतो. म्हणून नुसती फुली पुरत नाही, टास्क मॅनेजरमधूनच बंद करायला हवं.

आता कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बारकाईने बघा. पुढचा चौकोन आला की वडिलांना मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. मोठ्या अक्षरात एखाद्या नामांकित अँटीव्हायरसचं नाव असेल, लाल ढाल असेल, उद्गारचिन्हं असतील. त्याकडे दुर्लक्ष करा. चौकोनाच्या वरच्या ओळीत बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ लिहिलेलं असतं, आणि मजकुराजवळ, त्याहून फिकट अक्षरात, कुठल्यातरी अर्थहीन नावाच्या वेबसाइटचा पत्ता असतो. ही बारीक ओळ विंडोज आणि ब्राउझर स्वतः छापतात, फसवणाऱ्याला ती लपवता येत नाही. खरा अँटीव्हायरस नोटिफिकेशन पाठवतो तेव्हा त्या जागी त्याचं स्वतःचं नाव असतं. क्रोमचं नाव आणि अनोळखी पत्ता दिसला की निकाल लागला.

ही परवानगी मिळते कशी, तेही वडिलांना समजावून सांगा. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारी, पीडीएफ किंवा जुनी गाणी उतरवून देणारी एखादी साइट उघडली की मध्येच एक पान येतं: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’. ते अलाउ बटण रोबोटच्या तपासणीचं नसून नोटिफिकेशन पाठवायच्या परवानगीचं असतं. एकदा दाबलं की ती साइट कितीही दिवस, ती उघडलेली नसतानाही, चौकोन पाठवू शकते. लॅपटॉपमध्ये काहीही घुसलेलं नसतं. त्यामुळे अँटीव्हायरसने कितीही स्कॅन केलं तरी काही सापडत नाही, आणि ‘व्हायरस फारच चिवट दिसतोय’ असं समजून लोक फॉरमॅटपर्यंत जातात.

इलाज दोन मिनिटांचा आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटांची यादी दिसेल. अनोळखी नावापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘ब्लॉक’ करा. नुसतं ‘रिमूव्ह’ केलं तर ती साइट पुन्हा परवानगी मागू शकते. एजमध्ये आवृत्तीनुसार जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन’ टाकून तिथे पोहोचा. वडिलांना एकाही साइटच्या नोटिफिकेशनची गरज नसेल (बहुतेक घरांत नसते), तर त्याच पानावर कोणत्याही साइटला परवानगी मागू देऊ नये असा पर्याय आहे, तो निवडून मोकळे व्हा. त्यांच्या अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्येही तीच यादी तपासा. हा प्रकार फोनवरही तितकाच चालतो.

निळ्या स्क्रीनचं पान दिसायला भयंकर असलं तरी काढायला सोपं असतं. वेबपान तुमची हार्डडिस्क स्कॅन करू शकत नाही, ब्राउझर त्याला तेवढा हातच घालू देत नाही. पट्टी, सरकणारी फाइलींची नावं, वाढत जाणारा आकडा हे सगळं आधीच बनवलेलं चलच्चित्र असतं. पानावर तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) आणि शहराचं नाव दिसतं, त्याने माणूस हबकतो. पण आयपी पत्ता उघडलेल्या प्रत्येक साइटला कळतोच, त्याशिवाय पान तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. शहर तर त्या पत्त्यावरून अंदाजाने काढलेलं असतं. चिपळूणच्या माणसाला तिथे मुंबई किंवा पुणेही दिसू शकतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की पान खोटं.

असं पान आलं की त्यावरचं कुठलंही बटण, अगदी त्यानेच दाखवलेली फुलीसुद्धा, दाबू नका. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटेल, मग टॅब बंद करा. नाही सुटला तर ऑल्ट आणि एफ-फोर. तेही नाही चाललं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. वडिलांनी केलं तसं पॉवरचं बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय, पण त्यानेही पान जातंच. ब्राउझर पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा हजर होईल. एजमध्ये मायक्रोसॉफ्टने २०२५ पासून अशी पूर्ण स्क्रीनची भीतीदायक पानं ओळखून थांबवणारा ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ दिला आहे. तो सेटिंग्जमध्ये शोधून चालू आहे का ते बघा.

खरं काम क्लीनर काढण्याचं आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

हा धंदा जुना आहे. २००८ च्या सुमाराला ‘एक्सपी अँटीव्हायरस’, ‘विनफिक्सर’ अशा नावांच्या खोट्या प्रोग्रामांनी जगभर धुमाकूळ घातला होता. त्यांपैकी बऱ्याच नावांमागे ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ ही कंपनी होती, तिचं मोठं कार्यालय युक्रेनच्या कीव शहरात होतं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) तिच्यावर खटला भरला आणि २०१२ मध्ये त्यातल्या एका महिला पदाधिकाऱ्यावर १६.३ कोटी डॉलरचा निवाडा झाला. २००९ मध्ये कॉन्फिकर हा एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा कुप्रसिद्ध वर्मसुद्धा लागण झालेल्या मशीनवर ‘स्पायवेअर प्रोटेक्ट २००९’ नावाचा खोटा अँटीव्हायरस बसवत होता. मे २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ आला आणि मॅकवाल्यांनाही हीच गत अनुभवावी लागली.

तेव्हाचे प्रोग्राम उघड गुन्हेगारी वळणाचे होते. टास्क मॅनेजर बंद पाडायचे, खरा अँटीव्हायरस उघडू द्यायचे नाहीत, कुठलाही प्रोग्राम चालवायला गेलं की ‘ही फाइल संक्रमित आहे’ म्हणून अडवायचे. आजचे बहुतेक क्लीनर सभ्य चेहऱ्याने येतात. त्यांची वेबसाइट असते, डिजिटल सही असते, अनइन्स्टॉलही होतात. पण स्कॅनचा निकाल मात्र काहीही असो, शेवटी पैसे मागायचेच हे आधीपासून ठरलेलं असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते सरकारी कागदावर आहे. ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत ग्राहकांच्या कॉम्प्युटरची मोफत तपासणी व्हायची, तिच्यासाठीचा प्रोग्राम सपोर्ट डॉट कॉम कंपनीने दिलेला होता. तपासणी सुरू करण्याआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: मशीन हळू चालतं का, पॉपअप येतात का, व्हायरसचा इशारा आला होता का, मध्येच बंद पडतं का. उत्तर हो असेल तर चौकटीत खूण करायची. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे चारांपैकी एका जरी चौकटीत खूण असली तरी प्रोग्राम मालवेअरची (घातक प्रोग्रामची) लक्षणं सापडल्याचं सांगायचा. पुढचं स्कॅन त्या निकालाशी संबंधितच नव्हतं. पेशंटने पोट दुखतं म्हटल्याबरोबर न तपासताच रिपोर्टवर अपेंडिक्स छापावं, तसा हा प्रकार. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मार्च २०२४ मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांवरही अशीच कारवाई झाली. विंडोजच्या इशाऱ्यासारखे दिसणारे पॉपअप दाखवून लोकांना दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकल्याचा आरोप होता, रक्कम २.६ कोटी डॉलर. म्हणून ‘कंपनी खरी आहे, वेबसाइट आहे, मग प्रोग्राम खोटा कसा?’ हा प्रश्न मनातून काढून टाका.

मग खरा ओळखायचा कसा? खरा अँटीव्हायरस काही सापडलं की आधी ते बाजूला टाकतो आणि मग तुम्हाला कळवतो. सापडलेली फाइल काढायला वेगळे पैसे मागत नाही. तो फाइलीचं नाव आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये होती ते सांगतो. खोट्याकडे नुसता आकडा असतो, ‘१,२८४ समस्या’, आणि आत बघायला गेलं तर कुकीज, रिकामे फोल्डर, रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी असला बिनमहत्त्वाचा कचरा त्या आकड्यात मोजलेला असतो. उलटी गणती करणारं घड्याळ आणि ‘आजच्या दिवसापुरती ७० टक्के सूट’ ही आणखी एक खूण.

रिन्यूअलबद्दल शंका असेल तर स्टार्ट मेन्यूतून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. या मशीनचं संरक्षण सध्या कोण करतंय ते तिथे नावासकट दिसतं. वडिलांनी क्विक हीलसारखा एखादा अँटीव्हायरस विकत घेतलेला असेल तर तो प्रोग्राम स्वतः उघडून आतली मुदतीची तारीख वाचा. पॉपअपवर, ईमेलवर किंवा फोनवर सांगितलेली तारीख धरायची नाही. आणि विकतचा कुठलाच नसेल तरी लॅपटॉप उघडा पडलेला नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आतच असतो, त्याला रिन्यूअल नसतं, आणि घरच्या वापराला तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काढायला सुरुवात करू. आधी वडिलांचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फक्त फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली. ‘डाउनलोड्स’मधले सेटअप नकोत. मग सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेप्रमाणे लावा. ही एक युक्ती बाकी सगळ्या टूल्सपेक्षा जास्त उपयोगी पडते. क्लीनर ज्या दिवशी आला त्याच दिवशी आणखी काय आलं ते दिसतं: एखादा ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, अनोळखी ब्राउझर, ‘सर्च’ नावाचं काहीतरी. ही मंडळी सहसा टोळीने येतात. मूळ वाहक बहुधा एखादा फुकटचा प्रोग्राम असतो, त्याच्या सेटअपमध्ये ‘रेकमेंडेड’ पर्यायाखाली बाकीचे लपलेले असतात. सगळे काढा, नाहीतर राहिलेला एक उरलेल्यांना परत आणेल.

अनइन्स्टॉल करताना घाई नको. मोठं, रंगीत बटण बहुधा ‘प्रोग्राम ठेवा’ असं असतं आणि खरं अनइन्स्टॉल खाली फिक्या अक्षरात असतं. ‘तुमच्या मशीनवर अजून १,२८४ धोके आहेत, खात्री आहे का?’ असं विचारेल. खात्री आहे. शेवटी ब्राउझर उघडून ‘का काढलंत?’ असा फॉर्म येईल, तो न भरता बंद करा.

अनइन्स्टॉलने सगळं जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा. अनोळखी नावावर राइट क्लिक करून फाइलची जागा उघडा. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, ओळखीच्या कंपनीच्या फोल्डरमध्ये असेल तर बहुतेक वेळा ठीक. ‘ॲपडेटा’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’च्या आत, अक्षरं कशीही जुळवलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये असेल तर संशय घ्या. ‘ॲपडेटा’त चांगले प्रोग्रामही राहतात, त्यामुळे नाव शोधून खात्री केल्याशिवाय उडवू नका, तोवर नुसतं ‘डिसेबल’ करा. त्यानंतर ‘टास्क शेड्यूलर’ (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) बघा. क्लीनर ‘मध्येच आपोआप’ उघडतो असं तुम्ही लिहिलंय, त्यामागे बहुधा इथली एखादी नोंद असते. मग ब्राउझरची एक्स्टेंशन्स (त्याला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम): जे वडिलांनी ठरवून टाकलेलं नाही ते काढा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’खाली ‘प्रॉक्सी’ (इंटरनेटची ये-जा मधल्या दुसऱ्या मशीनमधून वळवणारी सोय) बघा, हाताने टाकलेला पत्ता चालू असेल आणि तो तुम्ही टाकलेला नसेल तर बंद करा.

एक जागा बहुतेक जण बघायची विसरतात. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’, अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’. डिफेंडरने कुठल्या फोल्डरकडे बघायचंच नाही याची ही यादी. घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. घातक प्रोग्राम मशीनवर हात पडल्याबरोबर स्वतःचं फोल्डर इथे घालून ठेवतात, मग स्कॅन कितीही वेळा करा, सगळं हिरवंच दिसतं. काही नोंद दिसली तर तिचा फोटो काढा, नोंद काढा आणि मगच स्कॅन करा.

स्कॅन दोन करा. आधी डिफेंडरचा फुल स्कॅन, त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवला तरी चालेल. मग त्याच ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये असलेला ऑफलाइन स्कॅन. यात मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजबरोबर जागे होणारे प्रोग्राम स्वतःला लपवू शकत नाहीत. साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर यांपैकी एक वापरा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, जुना कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत टूल्स आहेत, हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं. यातलं काहीही उतरवताना पत्ता स्वतः टाइप करा. क्लीनरचं नाव आणि पुढे ‘कसा काढायचा’ असं शोधलं, तर वर येणाऱ्या जाहिरातींत आणखी एक तसलाच क्लीनर विकायला ठेवलेला असू शकतो. लोक एक काढायला जातात आणि दुसरा बसवून घेतात, हे मी फार वेळा बघितलंय.

क्लीनर अनइन्स्टॉल होऊच देत नसेल तर सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालू करायची पद्धत. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रिस्टार्ट’, आणि यादी आली की ४ दाबा. पण त्याआधी एक खबरदारी घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, आणि या वाटेने गेलं की ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती सहसा वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी दुसऱ्या मशीनवरून त्या खात्यात जाऊन ती सापडते का ते बघा, कागदावर उतरवा, मगच शिफ्ट दाबा. वडील तिकडे आणि तुम्ही फोनवर, अशा वेळी ही की नसली तर दोघांचाही जीव टांगणीला लागेल.

तुमच्या वडिलांनी नंबरावर फोन केला नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी केला गेला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, तिथे गोष्ट वेगळी आहे. फोनवरचा माणूस ‘एनीडेस्क’सारखा प्रोग्राम टाकायला लावतो आणि मशीनचा ताबा घेतो. हा प्रोग्राम मूळचा चांगलाच, त्यामुळे अँटीव्हायरस त्याला अडवत नाही. मग पुरावा म्हणून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून लाल आणि पिवळ्या खुणा दाखवतो आणि हेच व्हायरस म्हणतो. अशा खुणा जगातल्या प्रत्येक चालू विंडोजवर असतात, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी नोंद होते. आणखी एक खेळ: कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘असॉक’ (assoc) ही कमांड द्यायला लावतो आणि शेवटाजवळची ८८८डीसीए६० ने सुरू होणारी लांबलचक ओळ आधी स्वतः वाचून दाखवतो. ‘हा फक्त तुमच्याच कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर आहे, तो माझ्याकडे आहे, म्हणजे मी मायक्रोसॉफ्टचाच.’ ती ओळ प्रत्येक विंडोजवर अक्षर न अक्षर सारखीच असते.

हे फोन करणारे कुठे दूर परदेशात बसलेले असतात अशी समजूत करून घेऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-३’मध्ये पुणे, हैदराबाद, अहमदाबाद आणि विशाखापट्टणममध्ये ३२ ठिकाणी झडती घेऊन २६ जणांना अटक केली. टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशातल्या लोकांना ‘तुमची सिस्टिम हॅक झाली’ असं सांगून लुटल्याचं ते प्रकरण होतं. त्यामुळे समोरचा मराठी किंवा हिंदी बोलतो, एवढ्यावरून तो विश्वासू ठरत नाही.

ताबा दिला गेला असेल तर तत्काळ इंटरनेट तोडा. बँकेला त्या मशीनवरून नाही, फोनवरून कळवा, कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. इथे तासांचा हिशेब असतो, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आला तरच हाती लागतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी संध्याकाळपर्यंत थांबणं महागात पडतं. ईमेलपासून सुरुवात करून सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत द्यायचे आहेत’ असा फोन येईल, तो त्याच टोळीचा किंवा तिने यादी विकलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो. आणि या परिस्थितीत मात्र मी स्वतः फॉरमॅट करतो. अनोळखी माणूस मशीनवर काय काय ठेवून गेला याची यादी कुणीच खात्रीने देऊ शकत नाही.

तुमच्या बाबतीत तशी वेळ आलेली नाही. दुकानदाराकडे नेलाच, तर दोन गोष्टी आधी सांगा: क्रॅक केलेला अँटीव्हायरस टाकायचा नाही आणि विंडोज ‘ॲक्टिव्हेटर’ने (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणाऱ्या चोरट्या प्रोग्रामने) चालू करायचं नाही. असली फाइल चालवण्याआधी डिफेंडर बंद करावा लागतो, आणि एकदा तो बंद करून कुठलाही अनोळखी प्रोग्राम पूर्ण अधिकारानिशी चालवला की मशीन कोणाचं राहिलं हे सांगता येत नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचं लायसन्स बहुधा मदरबोर्डला जोडलेलं असतं, पुन्हा तीच आवृत्ती टाकली की ते आपोआप चालू होतं. ॲक्टिव्हेटरची गरजच नसते.

साफ झाल्यावर वडिलांसाठी साधं ‘स्टँडर्ड’ खातं करा आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मशीनभर बसू पाहणारा प्रोग्राम तो पासवर्ड मागेल, मग वडील तुम्हाला फोन करतील, आणि तो फोन यावा हाच हेतू आहे. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका, क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं. या साइटांचा रस्ता मुख्यतः जाहिरातींतून जातो, त्यामुळे या एका गोष्टीने बराच त्रास कमी होतो. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात ‘या लॅपटॉपचा अँटीव्हायरस: मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. पैसे लागत नाहीत. फोन नंबर नसतो.’ असं लिहून तो कीबोर्डच्या शेजारी चिकटवा. सत्तरीच्या पुढच्या माणसाला दहा सूचनांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

ऑफलाइन स्कॅन करूनही क्लीनर परत आला तर मला तीन फोटो पाठवा: तारखेप्रमाणे लावलेली इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी, टास्क मॅनेजरचं स्टार्टअप पान, आणि क्लीनर उघडा असताना ‘डिटेल्स’मध्ये दिसणारं त्याच्या फाइलचं नाव. त्यावरून तो कुठे धरून बसलाय ते बहुधा सांगता येईल.